सिद्धदोष व्यक्ती आणि शस्त्रधारणेचा अधिकार : अमेरिकन कायद्यातील एका निर्बंधाची जडणघडण

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ‘कोलंबिया जिल्हा विरुद्ध हेलर’ या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) शस्त्र बाळगण्याचा जो अधिकार मान्य केला आहे, तो केवळ नागरी सेनेच्या सेवेशी निगडित नसून स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवू इच्छिणाऱ्या व्यक्तीचाही आहे, असा या निर्णयाचा मथितार्थ होता. निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिले होते. हा अधिकार अमर्याद नाही, हे सांगताना त्यांनी काही निर्बंधांचा उल्लेख केला आणि त्यांत ‘फेलनी’ या वर्गातील अपराधांबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तींवरील बंदीला अग्रस्थान दिले. ही बंदी दीर्घकाळ चालत आलेली असल्यामुळे या निकालाने तिच्याविषयी कोणी शंका घेऊ नये, असा त्यांचा अभिप्राय होता. ती किती दीर्घकाळ चालत आली आहे, याची चिकित्सा मात्र निकालपत्रात आढळत नाही.

त्या वेळी ही उणीव फारशी कोणाला जाणवली नसावी. परंतु २०२२ साली ‘ब्रूएन’ खटल्यात त्याच न्यायालयाने अशी कसोटी घालून दिली की, शस्त्रनियंत्रणाचा कोणताही कायदा टिकावयाचा असेल, तर तो राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असल्याचे शासनाने दाखवून दिले पाहिजे. लोकहित, गुन्ह्यांचे प्रमाण, प्रतिबंधाची उपयुक्तता या गोष्टी आता पुरेशा ठरणार नाहीत. जो प्रश्न एरवी अभ्यासकांच्या टिपणवह्यांत राहिला असता, त्याच्या उत्तरावर त्यामुळे माणसांचा तुरुंगवास अवलंबून राहू लागला. त्याच वर्षी काँग्रेसने या अपराधाची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेली, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

प्रस्तुत लेखात या निर्बंधाची जडणघडण कालक्रमाने तपासावयाची आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे. हा निर्बंध त्याच्या आजच्या स्वरूपात अठराव्या शतकातील नाही. तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जन्मास आला. जन्मतः तो हिंसक अपराधांपुरता होता. १९६१ साली एका लहानशा दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि कृत्याच्या स्वरूपावर आधारलेला निर्बंध व्यक्तीच्या दर्जावर आधारलेला निर्बंध बनला. आज न्यायालयांत जो वाद १७९१ च्या भाषेत चालला आहे, तो वस्तुतः १९६१ च्या त्या दुरुस्तीविषयीचा वाद आहे.

२

प्रथम ‘फेलनी’ या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण बराचसा गोंधळ या शब्दानेच निर्माण केला आहे. जुन्या इंग्रजी विधीत ज्या अपराधामुळे अपराध्याची जमीन वा मालमत्ता सरकारजमा होत असे, तो अपराध म्हणजे फेलनी. अशा बहुतेक अपराधांस देहान्त शिक्षा सांगितलेली असल्यामुळे पुढे हा शब्द मृत्युदंडार्ह अपराधाचा जवळजवळ पर्याय होऊन बसला. विल्यम ब्लॅकस्टन याने आपल्या विधिभाष्याच्या १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात देहान्त शिक्षेस पात्र अशा अपराधांची संख्या १६० असल्याचे खेदपूर्वक नमूद केले आहे.

यावरून शासनाच्या वतीने आज असा युक्तिवाद केला जातो की, ज्याला फाशी देण्याचा अधिकार राज्यास होता, त्याचे शस्त्र काढून घेण्याचा अधिकार त्यात अंतर्भूतच होता. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. तथापि त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, अनेक फेलनींच्या बाबतीत देहदंड प्रत्यक्षात दिला जात नसे. धर्मगुरूंसाठी मूळ निर्माण झालेल्या आणि पुढे सर्वांस उपलब्ध झालेल्या सवलतीमुळे किंवा क्षमादानामुळे पुष्कळ अपराधी सुटत व समाजात परत येत. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. स्वतंत्र अमेरिकेने इंग्रजी फेलनीची ही जुनी फलिते फार लवकर टाकून द्यावयास आरंभ केला. पेन्सिल्व्हेनियाने १७८६ साली दरोडा व घरफोडी यांसारख्या अपराधांची देहान्त शिक्षा रद्द केली आणि १७९४ साली ती केवळ पहिल्या प्रतीच्या खुनापुरती ठेवली. पहिल्या काँग्रेसने १७९० साली जो अपराधविषयक अधिनियम केला, त्यात दोषसिद्धीमुळे मालमत्ता जप्त होणार नाही, असे स्पष्ट कलम घातले. म्हणजे ज्या पिढीने दुसरी दुरुस्ती संमत केली, तीच पिढी शिक्षा भोगून झालेल्या माणसाला जिवंत आणि मालमत्तेसह समाजात परत येऊ देण्याची व्यवस्था करीत होती.

त्याचबरोबर हेही विसरून चालणार नाही की, फेलनीची सीमा कधीच स्थिर नव्हती. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतील एक उदाहरण पुरेसे आहे. मिसिसिपी राज्याने १८७६ साली डुकरासारख्या जनावरांची किंवा दहा डॉलरहून अधिक किमतीच्या मालाची चोरी ही मोठी चोरी ठरविली. नुकत्याच मुक्त झालेल्या निग्रो शेतमजुरांस तुरुंगात घालून त्यांचे श्रम भाड्याने देणे या कायद्यामुळे सोपे झाले. काल जो क्षुल्लक अपराध होता, तो आज फेलनी झाला. तेव्हा फेलनी ही निसर्गाने आखलेली रेषा नसून विधिमंडळाने वेळोवेळी हलविलेली खूण आहे, एवढे आपण येथे ध्यानात ठेवू.

३

आता अठराव्या शतकातील शस्त्रविषयक निर्बंधांकडे वळू. असे निर्बंध त्या काळी नव्हतेच, हे म्हणणे चुकीचे होईल. इंग्लंडमध्ये १६६२ च्या मिलिशिया अधिनियमाने राज्याच्या शांततेस धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तींची शस्त्रे जप्त करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस दिला होता. व्हर्जिनियाने १७५६ साली निष्ठेची शपथ न घेणाऱ्या कॅथलिकांस निःशस्त्र केले. क्रांतीच्या काळात, मार्च १७७६ मध्ये, काँटिनेंटल काँग्रेसने वसाहतींच्या पक्षास विरोध करणाऱ्यांची शस्त्रे काढून घ्यावीत, अशी शिफारस केली. गुलाम आणि मूळ अमेरिकन रहिवासी यांना शस्त्रांपासून दूर ठेवणारे नियम तर बहुतेक वसाहतींत होते.

हे सर्व निर्बंध ज्या समूहांस राज्यकर्ते धोकादायक अथवा परके मानीत, त्यांच्यावर घातलेले होते. त्यांपैकी पुष्कळ आज कोणत्याही न्यायालयास निंद्यच वाटतील. आणि ज्या परंपरेचा आधार घ्यावयाचा, ती परंपराच अशी कलंकित असावी, ही या ऐतिहासिक कसोटीतील मोठी पंचाईत आहे. परंतु आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर त्यांत एक गोष्ट नाही : एखाद्या व्यक्तीने पूर्वी चोरी अथवा फसवणूक केली व तिची शिक्षा भोगली, म्हणून ती जन्मभर शस्त्रास अपात्र, असा नियम त्यांत सापडत नाही.

दुसऱ्या प्रकारचे निर्बंध व्यक्तिगत होते. शेजाऱ्यास एखाद्याकडून धोका असल्याचे दिसल्यास दंडाधिकारी त्याच्याकडून शांतता राखण्याविषयी जामीन घेत असे. आणि शस्त्र घेऊन लोकांस धाक घालीत हिंडणाऱ्याची शस्त्रे काही ठिकाणी जप्त होत. यांपैकी जामिनाचा उपाय मुदतीचा होता. जप्ती प्रत्यक्ष दुरुपयोगाबद्दल होती. दोन्ही उपायांच्या मुळाशी विशिष्ट वर्तन होते.

राज्यघटनेच्या मान्यतेच्या वेळी झालेल्या चर्चेत या विषयास स्पर्श करणारी तीन वचने नेहमी दाखविली जातात. पेन्सिल्व्हेनियाच्या परिषदेतील अल्पमतातील सभासदांनी डिसेंबर १७८७ मध्ये जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात केलेल्या अपराधांबद्दल अथवा व्यक्तींकडून समाजास खरोखर धोका असल्यास अपवाद करून इतरांस निःशस्त्र करू नये, अशी मागणी होती. मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेत १७८८ साली सॅम्युएल अ‍ॅडम्स यांनी शांतताप्रिय नागरिकांच्या शस्त्राधिकाराचे रक्षण सुचविले. न्यू हॅम्पशायरने त्याच वर्षी जे प्रत्यक्ष बंडात सामील झाले असतील, तेवढ्यांचा अपवाद केला. यांपैकी पहिल्या वचनातील ‘अपराधांबद्दल’ या शब्दावर शासनपक्षाची भिस्त आहे. परंतु हे सर्व प्रस्ताव होते. दुसऱ्या दुरुस्तीच्या अंतिम मसुद्यात त्यांपैकी एकही अपवाद आला नाही. शिवाय तिन्ही वचने शेजारी ठेवून वाचली असता त्यांतील समान सूत्र हिंसा व बंडाळी यांच्या भयाचे आहे, केवळ दोषसिद्धीचे नव्हे, असे मानण्यास जागा आहे.

याहून अधिक बोलके प्रमाण प्रस्तावांत नसून एका प्रत्यक्ष कायद्यात सापडते. १७८६-८७ च्या हिवाळ्यात पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज याच्या नावाने ओळखले जाणारे बंड केले. ते मोडल्यावर फेब्रुवारी १७८७ मध्ये विधिमंडळाने अपात्रतेचा एक अधिनियम केला. ज्या बंडखोरांस माफी हवी असेल, त्यांनी शस्त्रे स्वाधीन करावीत व निष्ठेची शपथ घ्यावी. तीन वर्षे त्यांस मतदान करता येणार नाही, ज्यूरीत बसता येणार नाही, अधिकारपद धारण करता येणार नाही. मात्र स्वाधीन केलेली शस्त्रे नीट जतन करून ठेवावीत आणि अटी पाळणाऱ्यास तीन वर्षांनंतर ती परत करावीत, अशी तरतूद त्यातच होती. शासनाविरुद्ध प्रत्यक्ष शस्त्र उचलणाऱ्या माणसाचीही बंदूक तीन वर्षांनी परत करण्याची भाषा ज्या विधिमंडळाने वापरली, त्याच्या मनात आजन्म अपात्रतेची कल्पना रूढ होती, असे म्हणणे अवघड आहे.

४

एकोणिसाव्या शतकाविषयी फार लिहावयाचे कारण नाही. कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने ते बहुतांशी मौनाचे शतक आहे. कारागृहांची वाढ झाली, शिक्षा भोगून बाहेर येणाऱ्यांचा वर्ग निर्माण झाला, अनेक राज्यांनी अशा व्यक्तींचा मतदानाचा हक्क काढून घेतला. लपवून शस्त्र बाळगण्यास मनाई करणारे कायदे १८१३ पासून केंटकी व लुइझियाना या राज्यांत आणि पुढे इतरत्र झाले. पण ते सर्वांस सारखेच लागू होते. दक्षिणेतील राज्यांनी १८६५ नंतर मुक्त निग्रोंस परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास मनाई केली. या मनाईचा आधार वर्ण होता, दोषसिद्धी नव्हती. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) असल्या भेदांवर निदान कागदोपत्री पडदा टाकला.

हे मौन काय सिद्ध करते, याविषयी सावधपणे बोलले पाहिजे. विधिमंडळाने एखादा अधिकार वापरला नाही, याचा अर्थ त्यास तो नव्हता, असा होत नाही. ज्या समाजात अपराध्याचा पूर्वेतिहास दुसऱ्या गावी कळण्याचे साधनच नव्हते, तेथे असा कायदा करूनही त्याची अंमलबजावणी कशी झाली असती, हाही प्रश्न आहे. पूर्वदोषावर आधारलेल्या बंदीस पूर्वदोषाची नोंद लागते. बोटांच्या ठशांवरून ओळख पटविण्याचे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास स्थापन झाले; अमेरिकेच्या संघीय अन्वेषण खात्यात ठशांचा मध्यवर्ती विभाग १९२४ साली निघाला. आपला निर्बंध नेमका याच सुमारास जन्मास यावा, हा केवळ योगायोग नव्हे.

स्वस्त रिव्हॉल्व्हर, मोटारगाडी, मद्यबंदीच्या काळातील टोळ्या आणि स्थलांतरितांविषयीचे भय, अशा अनेक कारणांनी १९२० नंतर पिस्तुलाविषयीचे कायदे होऊ लागले. त्यांचे प्रारूप विशेषेकरून अमेरिकन रिव्हॉल्व्हर संघाने, म्हणजे नेमबाजांच्याच संस्थेने, तयार केले होते. सामान्य नागरिकाच्या शस्त्रावर सरसकट परवानापद्धती येऊ नये आणि बंदी केवळ वाईट हातांपुरती असावी, असा त्यामागील हेतू होता. कॅलिफोर्नियाने १९२३ साली जो कायदा केला, त्यात नागरिकत्व न मिळालेले परदेशी आणि फेलनीबद्दल दोषी ठरलेले लोक यांना एकाच कलमात बसवून लपविण्याजोगे पिस्तूल बाळगण्यास मनाई केली. राज्यांच्या कायद्यांत एकरूपता आणण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांच्या परिषदेने १९२६ साली जो नमुना अधिनियम संमत केला, तो याहून संयत होता. ‘हिंसक अपराधाबद्दल’ दोषी ठरलेल्या व्यक्तीने पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगू नये, एवढेच त्यात म्हटले होते. कोलंबिया जिल्ह्यासाठी काँग्रेसने १९३२ साली केलेला कायदा याच नमुन्यावर आहे. शिकारीची बंदूक या निर्बंधाच्या बाहेर राहिली.

संघराज्याच्या पातळीवर १९३८ चा फेडरल फायरआर्म्स अधिनियम हा पहिला टप्पा होय. त्याने निर्बंध सर्व अग्निशस्त्रांस लावला. परंतु तो आंतरराज्य व्यापारातून शस्त्र पाठविणे वा स्वीकारणे यांपुरता मर्यादित होता, आणि त्याचा विषय पुनः हिंसक अपराध हाच होता. खून, मनुष्यवध, बलात्कार, अपहरण, घरफोडी, घातक शस्त्राने हल्ला अशी त्याची यादीच अधिनियमात दिलेली आहे. अशा व्यक्तीजवळ शस्त्र सापडले, की ते परराज्यातून आले असे गृहीत धरावे, ही त्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली ‘टॉट’ खटल्यात घटनाबाह्य ठरविली. त्यामुळे सिद्ध करण्याचा भार शासनावर आला आणि अधिनियमाची धार पुष्कळ बोथट झाली.

५

येथवरचा इतिहास हा हिंसा आणि शस्त्र यांच्यातील उघड संबंधावर उभा आहे. ज्याने हल्ला केला, त्याच्या हाती पुनः शस्त्र देऊ नये, हे तत्त्व १६६२ च्या वा १७८७ च्या माणसासही अपरिचित वाटले नसते. ३ ऑक्टोबर १९६१ रोजी संमत झालेल्या दुरुस्तीने हा संबंध तोडला. ‘हिंसक अपराध’ हे शब्द व त्यांची व्याख्या काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी ‘एक वर्षाहून अधिक तुरुंगवासास पात्र असलेला अपराध’ हे शब्द घालण्यात आले. ही दुरुस्ती संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या तत्कालीन मोहिमेचा एक भाग होती. टोळ्यांचे म्होरके हिंसक अपराधांत क्वचितच सापडतात, करचुकवेगिरी वा चोरीच्या मालाच्या व्यवहारात सापडतात. तेव्हा जाळे मोठे केले पाहिजे, असा तो विचार होता. हेतू समजण्यासारखा होता. पण जाळ्याचा आकार म्होरक्यांस मोजून ठरविलेला नव्हता. खोटा धनादेश लिहिणारा कारकून त्यात सापडला, खोटे निवेदन करणारा अर्जदारही सापडला. अपराध कोणता, हा प्रश्न उरला नाही. त्यास कमाल किती शिक्षा देता आली असती, एवढाच प्रश्न उरला. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, यासही महत्त्व राहिले नाही.

१९६८ हे वर्ष अमेरिकेच्या आयुष्यातील फार कठीण वर्ष होते. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. जूनमध्ये संमत झालेल्या व्यापक अपराधनियंत्रण अधिनियमात सिनेटर रसेल लाँग यांनी सभागृहातच एक दुरुस्ती मांडून सातवे प्रकरण जोडले आणि प्रथमच शस्त्र ‘बाळगणे’ हाच संघीय अपराध ठरला. या प्रकरणावर समितीपुढे सुनावणी झाली नव्हती व सभागृहात चर्चाही नाममात्रच झाली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या ‘बास’ खटल्यात नमूद केले आहे. ऑक्टोबरच्या शस्त्रनियंत्रण अधिनियमाने १९६१ चे सूत्र कायम ठेवले. १९८६ साली दोन्ही अधिनियमांतील तरतुदी एकत्र करण्यात आल्या. १९७७ च्या निकालाने, शस्त्र केव्हातरी राज्याची सीमा ओलांडून आले होते एवढे दाखविणे पुरेसे ठरले. अशा रीतीने आजचा निर्बंध पूर्ण झाला.

या रचनेतील अपवादही अभ्यासण्याजोगे आहेत. मक्तेदारीविरोधी कायद्यांचा भंग, अनुचित व्यापार आणि त्यांसारखे धंद्याच्या नियमनाविषयीचे अपराध १९६८ पासून या निर्बंधातून वगळलेले आहेत. अपात्रतेतून सुटका मागण्याची तरतूद १९६५ साली आली, तीही एका मोठ्या उद्योगसमूहाच्या गरजेतून. विंचेस्टर बंदुकांचा कारखाना ज्या ऑलिन मॅथिसन कंपनीच्या मालकीचा होता, ती कंपनी परदेशी विक्रीतील लाचेसंबंधीच्या प्रकरणात दोषी ठरली आणि शस्त्रांचा धंदा करण्यास कायद्याने अपात्र होऊन बसली. कंपनीसाठी काढलेला हा दरवाजा पुढे सर्वांसाठी खुला झाला खरा. पण १९९२ पासून काँग्रेसने दर वर्षीच्या खर्चाच्या मंजुरीत अशी अट घातली की, व्यक्तींच्या अर्जांची चौकशी करण्यासाठी संबंधित खात्याने पैसा खर्च करू नये. कंपन्यांच्या अर्जांस ही आडकाठी नव्हती. अर्जाचा निर्णयच न लागणे म्हणजे अर्ज नाकारणे नव्हे, तेव्हा न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरविले. अधिकार पुस्तकात राहिला आणि मार्ग बंद झाला. २०२५ साली न्याय विभागाने हे काम त्या खात्याकडून काढून स्वतःकडे घेतले व व्यक्तींचे अर्ज पुनः विचारात घेण्यास आरंभ केला. म्हणजे मधली तीसहून अधिक वर्षे मुदतीची बंदी नसलेला हा निर्बंध व्यवहारात सुटकेवाचूनचाही होता.

६

या पार्श्वभूमीवर अलीकडील निकाल वाचले पाहिजेत. २०१९ साली सातव्या मंडळ न्यायालयात टपालाद्वारे केलेल्या फसवणुकीबद्दल दोषी ठरलेल्या एका व्यक्तीचे प्रकरण आले. बहुमताने बंदी उचलून धरली. परंतु न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विरोधी मत लिहून, इतिहास धोकादायक व्यक्तींस निःशस्त्र करण्यास आधार देतो, सर्व सिद्धदोषांस नव्हे, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

पेन्सिल्व्हेनियातील दुसरे एक प्रकरण याहूनही साधे आहे. एका गृहस्थाने १९९५ साली सरकारी अन्नसाहाय्य मिळविताना घरची मिळकत कमी दाखविल्याचा अपराध कबूल केला. गैरमार्गाने मिळालेली रक्कम सुमारे अडीच हजार डॉलर होती. त्यास तुरुंगवास झाला नाही, परिवीक्षेवर सोडण्यात आले. पण त्या अपराधास पाच वर्षांपर्यंत शिक्षा देता येत असल्यामुळे तो आजन्म शस्त्रास अपात्र ठरला. तिसऱ्या मंडळ न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ साली त्याच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी प्रकरण परत पाठविल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये पुनः तोच निर्णय कायम केला. याउलट आठव्या मंडळ न्यायालयाने, आणि मे २०२५ मध्ये नवव्या मंडळ न्यायालयाच्या विस्तारित पीठाने, व्यक्तीगणिक असा विचार करण्याची गरज नाही, बंदी सरसकट वैध आहे, असे ठरविले. सहाव्या मंडळ न्यायालयाने मधला मार्ग पत्करला आहे : वर्ग म्हणून बंदी वैध, परंतु आपण धोकादायक नाही हे दाखविण्याची संधी व्यक्तीस असावी.

या दोहोंच्या मध्ये २०२४ चा ‘रहिमी’ निकाल उभा आहे. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाने प्रतिबंधक आदेश दिलेल्या व्यक्तीने शस्त्र बाळगू नये, हा १९९४ चा निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने वैध ठरविला. जुन्या कायद्याची तंतोतंत प्रतिकृती शोधावयाची नाही, त्यामागील तत्त्व शोधावयाचे आहे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी स्पष्ट केले. त्यांनी आधार घेतला तो वर उल्लेखिलेल्या जामिनाच्या आणि धाक घालणाऱ्याच्या कायद्यांचा. ज्या स्त्रीच्या जीविताचा प्रश्न आहे, तिच्या दृष्टीने हा निकाल किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको. तथापि त्या निर्बंधाची दोन लक्षणे न विसरण्याजोगी आहेत : तो न्यायालयाच्या विशिष्ट निष्कर्षावर आधारलेला आहे आणि आदेशाच्या मुदतीपुरता आहे. १९६१ च्या सूत्रात ही दोन्ही लक्षणे नाहीत.

७

अमेरिकेबाहेर हाच प्रश्न कसा हाताळला गेला, हे तुलनेसाठी पाहणे उपयुक्त होईल. ब्रिटनच्या १९६८ च्या अग्निशस्त्र अधिनियमाने तीन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास आजन्म, आणि तीन महिन्यांपासून तीन वर्षांच्या आतील शिक्षा झालेल्यास सुटकेपासून पाच वर्षे अपात्र ठरविले. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या नवव्या कलमाने हिंसा अथवा नैतिक अधःपतन यांचा समावेश असलेल्या अपराधाबद्दल कारावास झालेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे शस्त्र बाळगण्यास मनाई केली आहे. शांतता राखण्याविषयी जिच्याकडून बंधपत्र घेतले असेल, त्या व्यक्तीस बंधपत्राच्या मुदतीपुरती. या दुसऱ्या तरतुदीत जुन्या इंग्रजी जामिनाचीच छाया दिसते. अर्थात या तुलनेस मर्यादा आहे. आपल्याकडे १८७८ च्या वसाहतकालीन कायद्यापासून शस्त्र ही परवान्याची बाब आहे, हक्काची नाही. पाच वर्षांनंतर माणूस अर्ज करण्यास पात्र होतो, एवढाच त्याचा अर्थ. तरीदेखील दोन्ही देशांच्या विधिकर्त्यांनी अपराधाचे स्वरूप वा प्रत्यक्ष शिक्षा आणि काळाची मर्यादा यांचा विचार केला, हे लक्षणीय आहे. जेथे शस्त्र हा मूलभूत अधिकार मानला जातो, तेथे त्यापासून वंचित करणारी रेषा अधिक ढोबळ असावी, हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविलाच पाहिजे.

८

मग इतिहासकाराने न्यायालयास काय सांगावे? त्याने दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला मोह असा की, निर्बंध समाजास उपयुक्त वाटतो म्हणून त्यास प्राचीनत्व बहाल करावे. ज्यांच्या हयातीत हा नियम झाला अशी माणसे अद्याप आपल्यात आहेत. त्यास घटनाकर्त्यांच्या पिढीचा वारसा म्हणणे प्रमाणांस धरून नाही. दुसरा मोह असा की, निर्बंध नवा आहे, म्हणून तो निराधार मानावा. १७९१ च्या विधिमंडळांनी जो प्रश्न स्वतःस विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्यांच्या मौनातून काढणे हीही इतिहासाशी प्रतारणाच होय. नव्या परिस्थितीत नवे कायदे होतात, आणि त्यांचे समर्थन उपयुक्ततेच्या व न्यायाच्या भाषेत करावयास लाज वाटण्याचे कारण नाही.

प्रमाणांवरून जे निःशंकपणे म्हणता येते, ते इतकेच. धोकादायक व्यक्तीच्या हातून शस्त्र काढून घेण्याची कल्पना जुनी आहे. ती पुष्कळदा अन्यायानेही वापरली गेली. हिंसक अपराध्यांवरील नियमित बंदी सुमारे शंभर वर्षांची आहे. एक वर्षाहून अधिक शिक्षेस पात्र अशा कोणत्याही अपराधावरून येणारी आजन्म बंदी १९६१ ते १९६८ या सात वर्षांत आकारास आली, आणि तिच्या निर्णायक पायऱ्यांपैकी शेवटची तरी फारशी चर्चा न होता चढली गेली. या तिन्ही गोष्टींस एकच नाव देऊन त्यांची एकच परंपरा बनविली, की वाद सोपा होतो; पण अन्नसाहाय्याच्या अर्जात खोटे लिहिणारा माणूस आणि पत्नीवर पिस्तूल रोखणारा माणूस यांच्यातील भेद त्याबरोबरच पुसला जातो. तो भेद किती मानावा, हे ठरविणे न्यायाधीशाचे व विधिकर्त्याचे काम आहे. तो केव्हा आणि कोणी पुसला, हे दाखवून देणे हे आपले काम आहे.